दुर्गम पर्वतातील निवाऱ्यावर पहिल्यांदा कामाला जाणाऱ्यांसाठी

गाडीरस्ता संपल्यानंतर काही तासांची चढण चढून गेल्यावर पदयात्रींच्या मुक्कामाचे जे ठिकाण लागते, त्याला कोणी लॉज म्हणतात, कोणी हट म्हणतात. मराठीत लॉज म्हटले की शहरातली भाड्याची खोली डोळ्यांसमोर येते, म्हणून या लेखात मी निवारा हाच शब्द वापरणार आहे. अशा निवाऱ्यांवर मी पाच हंगाम काम केले आहे. पहिल्या हंगामात जे मला कोणी सांगितले नाही आणि चुकांमधून शिकावे लागले, ते नव्याने जाणाऱ्यांना आधीच ठाऊक असावे, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

या कामात डोंगर चढण्याचा भाग थोडा आणि घर चालवण्याचा भाग फार मोठा असतो. त्या घराला नळजोडणी नसते, विजेची तार नसते, दवाखाना आणि कचरागाडी नसते. त्यामुळे शहरात ही कामे जी अनेक खाती मिळून करतात, ती येथे चार-सहा माणसांवर येऊन पडतात. आल्प्समधील ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीत २४६९ मीटर उंचीवर अकराव्या शतकापासून वाटसरूंसाठी निवारा आहे. अडकलेल्याला शोधून आणणे, त्याला ऊब देणे, जेवू घालणे आणि वाट मोकळी झाल्यावर पुढे पाठवणे हे तेथील काम होते, आणि आजही कोणत्याही निवाऱ्यावरच्या कामाचा गाभा तोच आहे.

१. कोणते काम स्वीकारत आहात ते नीट विचारून घ्या

निवाऱ्यावर साधारणपणे एक व्यवस्थापक, एक स्वयंपाकी, दोन-तीन मदतनीस आणि सामान वर आणणारे भारवाहक असतात. कागदावर पदे वेगळी असली, तरी वादळात पन्नास माणसे एकदम आली की स्वयंपाकी अंथरुणे घालतो आणि व्यवस्थापक भांडी घासतो. म्हणून पदाच्या नावापेक्षा दिवसाचा क्रम विचारा. पहाटे किती वाजता उठायचे, दुपारी विश्रांती मिळते का, आठवड्याची सुटी सलग मिळते की तुटक, आणि सुटीच्या दिवशी खाली उतरण्याची मुभा आहे का, हे प्रश्न विचारायला संकोच करू नका.

ओझे वाहणे तुमच्या कामात धरलेले आहे का, हा प्रश्न तर अवश्य विचारा. निवाऱ्यागणिक रसद पोहोचवण्याची रीत वेगळी असते. अमेरिकेतील ग्रेट स्मोकी पर्वतातल्या ल कॉन्ट लॉजवर लामा प्राण्यांच्या पाठीवरून ताजा शिधा आणि धुतलेली अंथरुणे जातात. स्लोव्हाकियाच्या हाय टाट्रा पर्वतात आजही माणसे पन्नास किलोंहून अधिक ओझी पाठीवरून वर नेतात. इटलीतील मार्गेरिता निवारा ४५५४ मीटरवर असल्याने तेथे हेलिकॉप्टरचा आधार घ्यावा लागतो. तुमच्या निवाऱ्यावर खेचरे किंवा हेलिकॉप्टर येत असले, तरी भाजीपाला आणि टपाल अनेकदा कर्मचाऱ्यांच्याच पाठीवरून येते. पहिल्या खेपेला स्वतःच्या वजनाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त ओझे घेऊ नका. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्यांच्या पात्यांच्या पातळीला बांधा. जुने सहकारी दुप्पट नेतात म्हणून त्यांच्याशी बरोबरी करायला गेलेल्या नवख्याचा गुडघा दुसऱ्याच आठवड्यात जायबंदी झालेला मी पाहिला आहे, आणि त्याचा सारा हंगाम तेथेच संपला.

२. करार आणि कागदपत्रे

करार तोंडी नको. वेतन, कामाचे तास आणि सुट्या त्यात असतातच. पण पुढील गोष्टी बहुधा सुटून जातात. राहण्या-जेवणाचे पैसे वेतनातून कापले जातात का, हवामानामुळे निवारा बंद राहिला तर त्या दिवसांचे वेतन मिळते का, आजारपणात खाली उतरवण्याचा खर्च कोण करणार, आणि हंगामाच्या मध्येच काम सोडावे लागले तर हिशेब कसा होणार, हे सारे लिहून घ्या.

बरोबर ठेवायची कागदपत्रे अशी:

- ओळखपत्र आणि त्याच्या दोन प्रती. परदेशात जात असल्यास कामाचा परवाना
- स्वाक्षरी केलेल्या कराराची प्रत
- अलीकडचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि धनुर्वाताच्या लसीची नोंद
- प्रथमोपचाराचे आणि, मागितले असल्यास, अन्न हाताळणीचे प्रमाणपत्र
- विम्याची कागदपत्रे
- नेहमीच्या औषधांची डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी
- रक्तगट, औषधांची ॲलर्जी आणि घरच्यांचे संपर्क लिहिलेला एक जाड कागद

विम्याबाबत बहुतेक जण फसतात. सहलीसाठी काढलेला विमा नोकरी करताना झालेल्या अपघाताला बरेचदा लागू होत नाही, आणि कित्येक विम्यांमध्ये ठरावीक उंचीच्या वर संरक्षणच नसते. हेलिकॉप्टरने केलेला बचाव त्यात धरला आहे का, हे लेखी विचारा आणि उत्तरही लेखी घ्या. कागदपत्रे जलरोधक पिशवीत ठेवा आणि एक संच घरी ठेवून जा.

३. सामान कमी, पण नेमके

बुटांचे दोन जोड घ्या: एक चढण्यासाठी मुरलेला, दुसरा घरात वावरण्यासाठी हलका. नवे बूट घालून कामाला जाऊ नका. लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे थर घ्या. सुती कपडे ओले झाले की अंगाची ऊब ओढून घेतात आणि वाळतही नाहीत. कपाळावर बांधायची विजेरी, तिच्या जादा बॅटऱ्या, शिट्टी, सनस्क्रीन, गडद काचांचा चष्मा, कानात घालायचे बोळे आणि एक जाड वही एवढे पुरते. उंचीच्या प्रत्येक हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते आणि बर्फावरून ती परतूनही येते, त्यामुळे चष्मा ही हौसेची वस्तू नाही. कानातल्या बोळ्यांचे महत्त्व मात्र पहिल्या रात्रीच कळते.

४. वर जाताना घाई करू नका

निवारा अडीच हजार मीटरच्या वर असेल, तर विरळ हवेचा त्रास कोणालाही होऊ शकतो. वय, ताकद आणि सराव यांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. तीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे सत्तर टक्केच उरतो. तीन हजारांच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे, हा सर्वमान्य नियम आहे. उद्यापासून कामावर हजर व्हा, असा निरोप आला म्हणून हा नियम मोडू नका. पोहोचल्यावर पहिले दोन दिवस हलके काम मागून घ्या.

५. पहिल्या आठवड्यात पाणी, वीज आणि आग समजून घ्या

नवा माणूस पाहुण्यांशी बोलण्यात रमतो आणि टाकीकडे पाहत नाही. पहिल्या आठवड्यात व्यवस्थापकाबरोबर झऱ्याच्या मुखापासून मोरीपर्यंत एकदा चालत जा. पाणी कोठून उचलले आहे, जाळी कोठे आहे, नळीत हवा कोठे अडते, गारठ्यात कोणता भाग आधी गोठतो आणि रात्री कोणता झडप-नळ उघडून पाणी काढून टाकायचे, हे स्वतःच्या हाताने करून पाहा. जाळीवर पाला साचला, तर टाकी रिकामी होईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ती नेमकी गर्दीच्या संध्याकाळी रिकामी होते.

पिण्याचे पाणी निर्मळ दिसते म्हणून तसेच देऊ नका. वरच्या अंगाला गुरे चरत असतील किंवा कोणी मुक्काम केला असेल. पाणी खळखळून एक मिनिट उकळावे, आणि दोन हजार मीटरच्या वर तीन मिनिटे, कारण दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशाने उतरतो. तीन हजार मीटरवर पाणी नव्वद अंशांच्या आसपासच उकळते. त्यामुळेच तेथे डाळी-कडधान्ये उघड्या भांड्यात शिजता शिजत नाहीत. प्रेशर कुकर नसेल, तर इंधन आणि वेळ दोन्ही वाया जातात.

विजेचा साठा बहुधा सौर पट्ट्या आणि बॅटऱ्यांवर असतो. शिशाच्या बॅटऱ्या वारंवार निम्म्याच्या खाली उतरू दिल्या तर लवकर निकामी होतात, आणि लिथियमच्या बॅटऱ्या शून्य अंशाखाली असताना चार्ज करू नयेत. पाहुण्यांचे मोबाइल चार्ज करून देण्याची वेळ ठरवलेली असते ती यासाठी. पाहुण्याने कितीही आग्रह केला तरी नवख्या माणसाने ती वेळ परस्पर बदलू नये, कारण त्याच साठ्यावर वायरलेस संच चालतो.

गॅसच्या बाबतीत एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासा होतो, त्यामुळे थंडीत सिलिंडर भरलेला असूनही ज्योत मरते. प्रोपेन उणे बेचाळीस अंशांपर्यंत चालतो. आपल्याकडे कोणता गॅस आहे ते पाहून ठेवा आणि सिलिंडर कधीही आगीजवळ धरून गरम करू नका. उरलेला साठा सिलिंडर हलवून नव्हे, काट्यावर वजन करून मोजा.

आता या टप्प्यातली सर्वांत महत्त्वाची सूचना. शेगडी किंवा भट्टी बंद खोलीत जळत असेल आणि धुराडे बर्फाने किंवा पक्ष्याच्या घरट्याने तुंबले असेल, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो. त्याने डोके दुखते, मळमळते, गळल्यासारखे वाटते. नेमकी हीच लक्षणे विरळ हवेच्या त्रासाचीही असतात. माझ्या दुसऱ्या हंगामात एका सकाळी मुदपाकखान्यातल्या आम्हा तिघांचे डोके एकदम दुखू लागले आणि आम्ही उंचीला दोष देऊन पोळपाट-लाटण्याकडे वळलो. आम्ही तिघेही तेथे महिनाभर राहत होतो, त्यामुळे उंचीचा त्रास त्या दिवशी नव्याने सुरू होण्याचे कारण नव्हते, हे व्यवस्थापकांच्या लक्षात आले. त्यांनी खिडक्या उघडून आम्हाला बाहेर काढले आणि मग धुराड्यातला बर्फ काढला. एकाच खोलीतल्या अनेकांना एकाच वेळी त्रास झाला, तर आधी सर्वांनी बाहेर पडावे आणि कारण नंतर शोधावे. झोपायच्या आणि स्वयंपाकाच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र आहे का, ते पहिल्याच दिवशी पाहा.

६. मुदपाकखाना आणि शौचालय

ही दोन्ही कामे एकाच शीर्षकाखाली घेतो आहे, कारण एकातली हयगय दुसऱ्यात दिसते. दाटीवाटीने झोपणाऱ्या माणसांत उलटी-जुलाबाची साथ एका रात्रीत पसरते. नोरोव्हायरस या उलटी-जुलाबाच्या विषाणूवर अल्कोहोलचे जंतुनाशक पुरेसे चालत नाही; साबण आणि पाण्यानेच हात धुवावे लागतात. ज्याला उलटी-जुलाब झाले, त्याने लक्षणे थांबल्यावरही अठ्ठेचाळीस तास अन्नाला हात लावू नये. माणसे कमी आहेत म्हणून आजारी स्वयंपाक्याला चुलीपुढे उभे करणे ही काटकसर फार महागात पडते.

कोरड्या शौचालयात लघवी वेगळी वळवली, तर मैला लवकर सुकतो आणि वास कमी येतो. म्हणून पाहुण्यांना वापर समजावून सांगण्याची लाज बाळगू नका. ओले रुमाल (वेट वाइप्स) आणि प्लास्टिक त्यात पडले की ते हाताने काढावे लागते, आणि ते काम नव्या माणसाकडेच येते. वर आलेली प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी पाठीवरून खाली जायची असते, म्हणून शिधा खालीच वेष्टणातून काढून डब्यांत भरावा.

७. नोंदवही आणि पाहुण्यांशी बोलणे

माझ्या मते निवाऱ्यावरची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे नोंदवही. आलेल्या प्रत्येक गटाची नावे, संख्या, कोठून आले, पुढे कोणत्या वाटेने जाणार, किती वाजता पोहोचण्याचा अंदाज आहे आणि कोणाला कळवायचे, हे त्यांच्यासमोरच लिहा. पहिल्या हंगामात एका सकाळी निघताना एका जोडप्याने मला सांगितले, की ते दरीऐवजी डोंगराच्या धारेने जाणार आहेत. मी घाईत होतो. मान हलवली आणि लिहिले नाही. संध्याकाळी ते पुढच्या मुक्कामी पोहोचले नाहीत, असा निरोप आला, तेव्हा मी सुटीसाठी खाली उतरलो होतो आणि वहीत दरीची वाट होती. शोधायला निघालेली माणसे दोन तास चुकीच्या बाजूला फिरली. ते दोघे धारेवरच्या एका कपारीत सुखरूप सापडले, परंतु ते दोन तास मी अजून विसरलेलो नाही. वाट बदलली की त्याच क्षणी नोंद बदलावी.

हवामानाविषयी विचारणाऱ्याला, काही होत नाही, जा, असे कधीही सांगू नका. अंदाज कोणत्या वेळी प्रसिद्ध झाला, त्यात वारा आणि पाऊस किती सांगितला आहे, पुढच्या ओढ्याला काल संध्याकाळी किती पाणी होते आणि बर्फ कोठपर्यंत आहे, एवढे सांगा. निर्णय त्याला घेऊ द्या. बर्फ वितळून वाहणारे ओढे दुपारनंतर फुगतात, म्हणून ते सकाळी लवकर ओलांडायचे असतात; हे सपाटीवरून आलेल्याला ठाऊक नसते. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला, तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. अशा वेळी कोणालाही धारेकडे जाऊ न देण्याचा प्रयत्न करा.

जागा भरलेली असताना अंधार पडल्यावर कोणी आले, तर काय करायचे, हे व्यवस्थापकांकडून आधीच समजून घ्या. जेवणाच्या खोलीत जमिनीवर अंथरूण घालून का होईना, माणसाला आत घ्यावे, असे मी ठामपणे मानतो. नियम सांगायला दुसरा दिवस असतोच.

८. आजार, अपघात आणि मदत मागणे

डोके दुखण्याबरोबर मळमळ किंवा चक्कर असेल, तर त्या माणसाने आणखी वर जाऊ नये. सरळ रेषेत टाचेला अंगठा लावून चालायला सांगितल्यावर त्याचा तोल जात असेल, किंवा बसल्या जागी धाप लागत असेल, तर हा मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साठण्याचा धोका समजावा आणि सकाळची वाट न पाहता, सोबत देऊन, त्याला खाली उतरवावे. प्राणवायू आणि औषधे उतरण्याला मदत करतात. ती उतरण्याची जागा घेत नाहीत.

संकटाची खूण म्हणून एका मिनिटात सहा वेळा शिट्टी किंवा विजेरीचा इशारा द्यायचा, एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा सुरू करायचे, ही आल्प्समध्ये रुळलेली पद्धत आहे. ऐकणाऱ्याने मिनिटाला तीन इशाऱ्यांनी उत्तर द्यायचे असते. मदत हवी आहे असे हेलिकॉप्टरला कळवायचे असल्यास दोन्ही हात वर तिरके उचलून उभे राहावे. नको असल्यास एक हात वर आणि एक खाली. हेलिकॉप्टर उतरण्यापूर्वी वाळत घातलेले कपडे, घोंगड्या आणि पत्रे आवरून ठेवा. त्याच्या शेपटीकडून किंवा चढाच्या बाजूने जवळ जाऊ नका. वैमानिकाला दिसाल असे समोरून, आणि त्याने खूण केल्यावरच जा.

वायरलेसवर जखमी माणसाचे नाव घेऊ नये. ती वाहिनी कोणीही ऐकत असते, आणि घरच्यांना वाईट बातमी अशा तऱ्हेने कळणे योग्य नाही.

९. सोबतच्या माणसांत राहणे

नवी माणसे थकव्याने काम सोडत नाहीत, सोबतच्या माणसांना कंटाळून सोडतात, असा माझा अनुभव आहे. तीच पाच माणसे सकाळी, दुपारी, रात्री समोर असतात. कोणी कप धुवत नाही, कोणी पहाटे दार आपटतो, कोणी शेवटचे गरम पाणी संपवतो. खाली ज्याकडे दुर्लक्ष झाले असते, ते येथे तिसऱ्या आठवड्यात भांडण होऊन बसते. गोष्ट लहान असतानाच, दोघेच असताना, शांतपणे बोलून टाका. पाहुण्यांसमोर सहकाऱ्याची चूक काढू नका.

वयाने मोठ्या भारवाहकांना आणि वाटाड्यांना मानाने हाक मारा आणि त्यांचे ऐका. नकाशात न दिसणारी कपार, दरड कोसळणारी जागा, ओढा ओलांडायचा खरा उतार त्यांना ठाऊक असतो, आणि विचारले तरच ते सांगतात. ते ओझे घेऊन पोहोचले, की आधी त्यांना गरम काही द्या आणि कोरडी जागा दाखवा. सामान नंतर मोजा. काही ठिकाणी पाहुण्यांना खोल्या आणि भारवाहकांना आडोसा, असा प्रकार चालतो. तसे दिसल्यास व्यवस्थापकांशी बोला, कारण थंडी सर्वांना सारखीच वाजते.

दिवसातला अर्धा तास एकट्यासाठी राखा आणि तो कोणाला देऊ नका. सुटी मिळाली की शक्य असल्यास खाली उतरा; वरच थांबलात, तर कोणीतरी हाक मारते आणि सुटीचे काम होते. झोप लागत नसेल, भूक मेली असेल किंवा सारखे रडू येत असेल, तर ते लपवू नका. ज्या सहकाऱ्याने मला हे वेळेवर सांगितले त्याला आम्ही आठ दिवस खाली पाठवले आणि तो परत येऊन हंगाम पूर्ण करून गेला.

१०. हंगाम संपताना

बंद करण्याचे काम उघडण्याइतकेच मोठे असते आणि सर्व जण थकलेले असताना करावे लागते. नळ्या आणि टाक्या पूर्ण रिकाम्या करा, नाही तर गोठलेले पाणी त्या फोडते. उरलेला शिधा उंदरांना न शिरता येणाऱ्या पत्र्याच्या डब्यांत भरून त्यावर तारीख लिहा. खिडक्यांच्या झडपा ठोकून घ्या आणि धुराड्याचे तोंड झाका. हिवाळ्यासाठी वेगळी खोली ठेवण्याची पद्धत असेल, तर तिचे दार उघडे, घोंगड्या कोरड्या आणि सरपण दाराच्या आत ठेवा. बर्फात अडकून आलेल्या माणसाला बाहेरचे सरपण उकरत बसता येत नाही.

शेवटी पुढच्या गटासाठी वही लिहा. कोणता पंप आवाज करतो, कोणत्या खोलीत कोणत्या वाऱ्याला पाणी गळते, काय संपले आणि काय उरले, कोणत्या झडप-नळाची आटी उलटी आहे, हे सारे त्यात आले पाहिजे. लिहून झाल्यावर ती दुसऱ्या सहकाऱ्याला वाचायला द्या आणि त्याला जे कळले नाही ते पुन्हा लिहा. वही डब्यात बंद करून मुदपाकखान्यात, दारातून आत येताच दिसेल अशा फळीवर ठेवा, आणि ती तेथे आहे हे किल्ली ज्याच्याकडे सोपवाल त्याला तोंडीही सांगा.